यंत्राच्या पोटातलं अक्षर

वालू बे, सुवा
४ मे

उनाइसी,

तू जिवंत आहेस.

एवढं लिहून मी उठले आणि दाराला कडी घातली आहे ना ते पाहून आले. आता पुढचं लिहिते. हे पत्र कुठे पाठवायचं ते आज मला कळलंय, आणि कळलंय म्हणूनच ते मी पाठवणार नाही.

तू गेल्यावर मी पोस्टातली नोकरी सोडली. आता शिऊ प्रसाद म्हणून एकजण आहेत, त्यांच्या दुकानात असते. कचेऱ्यांना कॉपीची यंत्रं विकायची, भाड्यानं द्यायची, बिघडली की दुरुस्त करायची. आज सकाळी बंदरावरून एक जुनं यंत्र परत आलं. एका कचेरीचं. वादळात त्यांचं छप्पर गेलं, त्यांनी जागा बदलली आणि भाड्याचं यंत्र परत पाठवून दिलं. मी ते मागच्या खोलीत ढकलत नेलं, तार जोडली आणि झाकण उघडलं. रुळांमध्ये एक कागद चुरगळून अडकला होता. तो ओढून काढला आणि झाकण लावलं. बटण एकही दाबलं नव्हतं.

यंत्र घसा खाकरल्यासारखं करून सुरू झालं.

यात नवल काही नाही, हे मला माहीत आहे. कागद अडकून काम मधेच राहिलं, तर ते यंत्राच्या पोटात तसंच राहतं. वाट मोकळी झाली की ते पुरं होतं. मी रोज पाहते. तरी ते पान उलटं सरकत बाहेर आलं तेव्हा ते उचलावंसं वाटेना. का, ते सांगता येणार नाही.

तुझं अक्षर होतं. डाव्या हाताचं, समोरून वारा आल्यासारखं मागे झुकलेलं. शाळेत बाईंनी तुझा हात बाकाला बांधून ठेवला तरी तू बदललं नाहीस ते अक्षर.

इथल्या रेवा नदीच्या पुलाखाली तुझी पिशवी आणि चपला सापडल्या त्याला अडीच वर्षं झाली. पोलिसांनी होड्या घातल्या. शेवटी काका म्हणाले, नदीनं नेली पोरीला. आम्ही शंभर रात्रींचं सुतक पाळलं. इनोकेनंही पाळलं. दाढी वाढवली, गाणं सोडलं. चर्चच्या सगळ्या गाणाऱ्यांना शिकवणारा माणूस, तोंडातून सूर काढेना. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी त्याच्याकडे पाहत राहायचे. तो एकदाही रडला नाही. उशिरा येणाऱ्या बसची वाट पाहावी तसा बसून असायचा.

मारहाणीतून पळालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या त्या कचेरीला तू ते लिहिलं होतंस. पानावर वर तुझं आताचं नाव होतं आणि खाली तू कुठे राहतेस ते. दोन्ही मी इथे लिहिणार नाही. कुठेच लिहिणार नाही. पहिली ओळ मात्र लिहिते, कारण ती तशीही माझ्या डोक्यातून जाणार नाही. ‘मी मेले असं माझ्या नवऱ्याला वाटू द्या, आणि माझ्या माहेरच्यांनाही.’

माहेरच्यांनाही. बरोबर आहे तुझं. दोनदा तू मोडका हात घेऊन घरी आलीस. दोनदा इनोके माफीचा म्हणून देवमाशाचा दात घेऊन आपल्या दारात मान खाली घालून बसला, काकांनी तो हातात घेतला आणि रीतीप्रमाणे सगळं मिटलं. तू परत गेलीस. तिसऱ्या वेळी तू घरी आलीच नाहीस.

मी हे एकच पान वाचलं. बाकी काही पाहिलेलं नाही.

तोरिका


११ मे

उनाइसी,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे.

त्याच दिवशी बॉसनी, शिऊ प्रसादांनी, मला विचारलं, “डिस्क पुसलीस का गं त्या यंत्राची?”

“पुसली,” मी म्हटलं.

“बघ हां. नाहीतर माझं नाक कापशील. लोकांना वाटतं हे यंत्र म्हणजे आरसा. समोर उभं राहिलं की दिसतं, बाजूला झालं की गेलं. अगं, हा आरसा नाही, हा शेजारी आहे! सगळं लक्षात ठेवतो मेला, आणि कुणीही येऊन गोड बोललं की सांगून टाकतो.”

मी हसले. आणि दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

त्या खोलीला खिडकी नाही. पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि यंत्राच्या आतला पंखा घुमत असतो. दुकानात इतरही यंत्रं आहेत, पण याचा आवाज मला ओळखू येतो आता. कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तसा आहे. मला त्याचं कुलूप उघडणारा आकडा ठाऊक आहे, माझं कामच ते. आत सगळं होतं. त्या कचेरीनं ज्या ज्या पानाची प्रत काढली ते प्रत्येक पान.

मी तुझी पानं शोधत होते, पण ती एकटी कशी सापडणार? आधी दुसऱ्या बायका आल्या. कुणाच्या जबड्याच्या एक्स-रेचा कागद. कुणाचा शाळेचा दाखला. एकीनं लिहिलं होतं, तो दारूला शिवत नाही, म्हणून माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एका मुलानं काढलेलं घराचं चित्र होतं. त्याची प्रत कुणी का काढली असेल ते मला कळलं नाही. मग लक्षात आलं की त्या घराला दारच नाही. प्रत्येक पान हातात आलं की गरम असतं, ताप आलेल्या कपाळासारखं. मी ते खाली ठेवायचे आणि मागे वळून पाहायचे. खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्यात असं वाटायचं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, तोरिकानं वाचलं तर चालेल का म्हणून.

थांबायला हवं होतं. नाही थांबले.

तिसऱ्या दुपारी तुझी मुलगी सापडली.

जन्माचा दाखला आणि फोटो. बापाच्या नावाची जागा कोरी. तू गेलीस तेव्हा पोटुशी होतीस, आणि आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. इनोकेला तर नाहीच. त्याला कळलं तर तो एकटा येणार नाही, त्याचं अख्खं कूळ येईल. आमच्या घरचं लेकरू आहे म्हणतील, आणि काका पुन्हा हात पुढे करतील.

आणि तिचं नाव तू आईचं ठेवलंस. स्वतःचं टाकलंस आणि आईचं ठेवलंस.

तुझी पानं मी छापून घरी आणलीत. यंत्रातून अजून पुसलेली नाहीत. उद्या पुसेन. कुणाला काही सांगितलेलं नाही.

तोरिका


२५ मे

उनाइसी,

मी आईला सांगितलं.

आधी माझं ऐकून घे. तिची साखर फार वाढली होती. पायाची जखम काळी पडली, डॉक्टर म्हणाले पाऊल काढावं लागेल. ती म्हणाली, “काढा नाहीतर राहू द्या, मला कुठे जायचंय?” जेवायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मी नारळाच्या दुधात मासे शिजवले, कसावा कुस्करून दिला, तर म्हणे, “तूच खा. माझी भूक नदीत गेली.”

मी तिच्या कानाशी वाकले आणि बोलून टाकलं. तू आहेस. तुला मुलगी आहे. तिचं नाव काय आहे.

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “उठव मला.” आणि जेवली. ताट चाटूनपुसून जेवली. मी तिला येशूची शपथ घातली की हे कुणाला बोलायचं नाही. तिनं मान हलवली.

शनिवारी इनोके आला. येतोच तो. तू गेल्यापासून एक शनिवार चुकवलेला नाही. ताजे मासे, कधी दालोचे कंद, आईच्या खाटेशी बसून तिच्यासाठी प्रार्थना. तो अंगणातून आला तेव्हा आई गात होती. मी स्वयंपाकघरात होते. तो दाराबाहेर थांबला, आत येईना. मी खिडकीतून पाहिलं. हातात माशांची माळ, मान किंचित कलती, कुणी बेसूर गात असलं की तो कलती करायचा तशी. ऐकत होता.

आई अंगाई गात होती. आणि अंगाईत बाळाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालत होती.

तो आत आला. “आई, आज फार खुशीत?”

“म्हातारी झाले रे. सुचेल ते गाते.”

“गा की. छान वाटतं.” त्यानं मासे माझ्या हातात दिले. “ताई, तुमचा हात थरथरतोय.”

“मासे गार आहेत,” मी म्हटलं.

तो गेल्यावर आईला खोदून खोदून विचारलं. तिनं शपथ मोडली नव्हती, असं ती म्हणते. तू आहेस, हे ती बोलली नाही. मुलीचंही बोलली नाही. प्रार्थना करताना तो तुझं नाव घेऊन म्हणाला, देवा, तिच्या आत्म्याला शांती दे, तेव्हा तिला राहवलं नाही. ती एवढंच म्हणाली, “तिचं अक्षर अजून आहे. तोरिकाच्या दुकानातल्या यंत्रातून येतं.”

“तो काय म्हणाला?”

“काही नाही. माझं पांघरूण सारखं केलं.”

सोमवारपासून तो दुकानात येऊन बसतो. दाराशी बाक आहे, त्यावर. काही मागत नाही. बॉसशी पावसाच्या गप्पा मारतो. मागच्या खोलीचं दार उघडलं की आत पाहतो आणि नजर काढून घेतो. मी पुसायला जायचं म्हणते, पण त्या बाकासमोरून उठून त्या खोलीत जायची मला भीती वाटते. त्याला कळेल की ते यंत्र तेच.

तोरिका


२ जून

उनाइसी,

आजच लिहायला हवं.

आईचं ऑपरेशन होतं म्हणून मी रजेवर होते. आज दुपारी दुकानात गेले तर मागच्या खोलीत यंत्राच्या जागी ओला चौकोन.

“गेलं ते!” बॉस म्हणाले. “बरं झालं, जागा अडली होती. चर्चवाल्यांनी घेतलं. तुझाच मेहुणा आला होता. सेक्रेटरी झालाय म्हणे. काय गोड माणूस! मी म्हटलं, बाबा, त्याहून नवीन आहे, ते बघ. तर यावर हात ठेवून म्हणतो, नाही, हेच.”

मी खाली बसले. “बॉस, त्याची डिस्क पुसलेली नाही.”

“तू म्हणालीस पुसली.”

“खोटं बोलले.”

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. तुझं, बायकांचं, बाकावर बसणाऱ्या माणसाचं. नाव-गाव सोडून सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तोरिका, तुला मी आत्ता कामावरून काढायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण आधी गाडी काढतो.”

नाबुआच्या चर्चपर्यंत ते वाटेल ते बडबडत होते. “बोलायचं काम माझं. विकताना मी थापा मारतोच, आज विकलेलं परत आणताना मारीन. तू फक्त पेचकस धर आणि रडू नकोस.”

चर्चच्या मागे बैठकीचं ते लांब दालन आहे ना, तिथे. पाऊस कोसळत होता, आत दुसरं कुणी नव्हतं. चटईवर इनोके एकटा बसला होता. समोर यंत्र, आणि त्यावर झाडाच्या सालीचं कापड घातलेलं, आपण शवपेटीवर घालतो ते. कापड समोरून दुमडून त्यानं फक्त बटणं उघडी ठेवली होती. त्याच्याभोवती कागद होते. कोरे. काच रिकामी ठेवून तो बटण दाबत राहिला होता. कोरं पान यायचं, तो ते उलटून पाहायचा, नीट चळतीवर ठेवायचा, पुन्हा दाबायचा. चळती त्याच्या गुडघ्याहून उंच झाल्या होत्या.

“या ताई,” तो म्हणाला. “मला वाटलंच होतं तुम्ही याल.”

बॉस पुढे झाले. “अरे इनोके, चूक झाली बाबा. आतला एक भाग खराब आहे. आग लागेल! आपण हे नेतो आणि तुला नवंकोरं देतो.”

“इथेच करा दुरुस्त,” तो हसून म्हणाला. “मी बसतो.” आणि यंत्राला पाठ टेकून बसला. त्याच्या अंगाचा माणूस हलवणं आम्हा दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग त्यानं कापडाखाली मान घालून यंत्राला कान लावला.

“ताई, ती आत आहे ना? आवाज येतो. काल दिवसभर ऐकत होतो. बोलत नाही, पण आहे.”

तो पंखा आहे, उनाइसी. मी त्याला तेल घातलंय. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण मीसुद्धा त्या खोलीत तेच ऐकलं होतं.

“मला काही नको,” तो म्हणाला. “तिचं अक्षर पाहायचंय. एकदाच. तुम्हाला ते काढता येतं. काढून द्या.” आवाज इतका मऊ होता की क्षणभर मला त्याची दया आली. मग त्याचा हात दिसला. कागदाची कड त्याच्या मुठीत हळूहळू चुरगळत होती आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

“काढते,” मी म्हटलं. “वेळ लागेल.”

बॉसनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

मी यंत्रासमोर अशी उभी राहिले की त्याचा पडदा इनोकेला नीट दिसू नये. आकडा टाकला. सगळं पुसायचं ते कलम काढलं. यंत्रानं विचारलं, नक्की का? माझं बोट वर राहिलं. तुझं पान, मुलीचा फोटो, जबडा मोडलेली बाई, दार नसलेलं घर, सगळं त्या बोटाखाली होतं. मी दाबलं.

पडद्यावर एक बारीक रेघ आली आणि डावीकडून भरू लागली.

इनोके उठून माझ्या खांद्याशी आला. “हे भरलं की येईल?”

“हो.”

तो खाली बसला. आम्हालाही बसा म्हणाला. तिघं चटईवर बसून त्या रेघेकडे पाहत राहिलो. ती फार सावकाश सरकत होती. आणि मग तो गायला लागला. तू गेल्यापासून मी त्याचं गाणं ऐकलं नव्हतं. लग्नात म्हणतात ते भजन, अगदी हळू, एक सूर इकडचा तिकडे नाही. रेघ अर्धी झाली, अर्ध्याच्या पुढे गेली. तो गात होता आणि तू पुसली जात होतीस, आणि त्याला वाटत होतं की तू येते आहेस. बॉसनी मान खाली घातली होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

रेघ भरली. यंत्र वाजलं. एक पान बाहेर आलं.

मला वाटलं नव्हतं ते येईल. काम झालं की यंत्र स्वतःहून पावती देतं, ते मी विसरले होते. मी हात पुढे करायच्या आत त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं. वाचलं. त्यावर एकच ओळ होती. साठवलेली सर्व माहिती पुसली आहे.

बॉसनी पेचकस मुठीत धरला. मी डोळे मिटले. तो मारेल असं वाटलं.

त्यानं पानाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खिशावर हात फिरवला.

“ताई,” तो म्हणाला, “मेलेल्या बाईचं कुणी लपवत नाही.”

मी बॉसची बाही ओढली.

“म्हणजे ती आहे.”

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, “आणि आई स्वतःचंच नाव घालून अंगाई का गातात?”

तोरिका


४ जून

उनाइसी,

ही सगळी पत्रं आता तुला मिळतील, निदान मिळावीत.

काल मी सेरेइमाबाईंकडे गेले. त्या कचेरीत तुझं काम ज्या पाहतात त्या. त्यांचं नाव त्या पानाखाली होतं. मी काही न लपवता सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही बहीण आहात म्हणून वाचलंत,” त्या म्हणाल्या. “तोही नवरा आहे म्हणूनच शोधतोय.”

मी म्हटलं, मी आणि तो एक नाही. त्या म्हणाल्या, नाही, एक नाही. पण मान हलवायला त्यांना जरा वेळ लागला.

मग स्वतःच म्हणाल्या, “चूक आमचीही आहे. कपाटांना कुलपं लावतो, खिडक्यांना जाळ्या लावतो आणि सगळ्यांची गुपितं पोटात घेतलेलं यंत्र कुणालाही देऊन टाकतो. ते पुसायचं असतं, हे कुणाच्या मनातच आलं नाही.” त्यांनी एकेका बाईला फोन लावायला घेतले होते. ज्यांची पानं आत होती त्या सगळ्यांना.

मी छापून आणलेली तुझी पानं त्यांच्या हवाली केली. त्यांनी माझ्यासमोर कागद कातरायच्या यंत्रात घातली. फोटोही. तुला आणि लेकीला तिथून हलवलंय, एवढं त्यांनी सांगितलं. कुठे, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवूनच गेले होते, तरी जीभ दातांखाली धरावी लागली.

पत्रं त्या पोचवतील. आधी वाचतील म्हणाल्या. मी म्हटलं, वाचा.

तोरिका


१९ जून

उनाइसी,

आई मंगळवारी सकाळी गेली. जखम वर चढली होती.

आधी तिचं शेवटचं सांगते. गेल्या शनिवारी इनोके मासे घेऊन आला. आई उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “तिथेच थांब. चौकट ओलांडू नकोस.”

“आई, काय झालं?”

“दोनदा तिला मी तुझ्याबरोबर पाठवली. तुझी रीत पाहिली, तिचा हात पाहिला नाही. हे मासे घेऊन जा आणि पुन्हा या दारात येऊ नकोस.”

तो मासे पायरीवर ठेवून गेला. ते मी कुत्र्यालाही घातले नाहीत, पुरले.

रात्री ती म्हणाली, “उनाइसीला कळव, मी त्याला हाकललं.” म्हणून कळवते. त्यानंतर ती अंगाईच गात राहिली. आता कुणापासून लपवायचं नव्हतं. गाता गाताच झोपली.

शुक्रवारी पुरायचं आहे. उनाइसी, तू येऊ नकोस.

तो येणार. आईनं हाकललं, पण काकांनी नाही हाकललं. मी काकांना लेकीचं सोडून सगळं सांगितलं. ते जमिनीकडे पाहत बसले आणि म्हणाले, जावई आहे, लोकांसमोर कसं अडवायचं? गेले कित्येक दिवस तो बोटीच्या धक्क्यांवर फिरतोय. बोटीवरच्या लोकांना तुझा लग्नातला फोटो दाखवतो. ती पावती त्याच्या खिशात असते, तीही दाखवतो. लोकांना वाटतं, दुःखानं वेड लागलंय बिचाऱ्याला, आणि त्याला चहा पाजतात.

त्याला माहीत आहे की आईच्या मातीला तू आल्यावाचून राहणार नाहीस. तो तेवढ्याचीच वाट पाहतोय. लेकीला घेऊन तर मुळीच येऊ नकोस. तुझ्या वाटची मूठभर माती मी टाकेन. आईला राग येणार नाही.

तोरिका


२३ जून

उनाइसी,

झालं सगळं नीट.

पाऊस थांबला नाही. टेकडीवरच्या दफनभूमीत चिखल झाला होता, तरी माणसं खूप आली. रेवाकाठची, आईच्या माहेरची, माझ्या पोस्टातली जुनी मंडळी, बॉस आणि त्यांची बायको. सगळ्या बायका काळ्या कपड्यांत, छत्र्या डोक्यापर्यंत ओढलेल्या, चेहरे दिसेनात. भजन सुरू झालं. इनोके गाणाऱ्यांमध्ये उभा राहिला नाही.

तो छत्र्यांमधून फिरत होता. अगदी अदबीनं. प्रत्येक बाईपुढे थांबायचा, किंचित वाकायचा, छत्रीखाली पाहायचा, चार शब्द सांत्वनाचे बोलायचा आणि पुढे जायचा. जिच्या हाताशी लहान मुलगी असेल तिथे तो खाली बसायचा. मुलीच्या तोंडाशी तोंड नेऊन तिचं नाव विचारायचा. आया कौतुकानं सांगायच्या. एक पोरगी रडायला लागली, तर त्यानं स्वतःच्या रुमालानं तिचं नाक पुसलं.

पेटी खाली उतरली तेव्हाही त्यानं खड्ड्याकडे पाहिलं नाही. तो लोकांकडे पाहत होता.

सगळं संपून माणसं उतारावरून जायला लागली तेव्हा बॉसची बायको माझ्याजवळ आली. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, “काय शोधते आहेस गं? मघापासून बघतेय, आईच्या मातीत तुझं लक्षच नाही. प्रत्येकीच्या छत्रीखाली डोकावतेयस.”

तू आली नाहीस. फार बरं केलंस.

तोरिका